टाकीपासून सुरुवात

जुनी गाडी चालू करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा कार्बोरेटरच आधी उघडतो. जेट फुंकतो, फ्लोट हलवून बघतो, प्लग घासतो. गाडी सुरू होते, दोन-चार किलोमीटर जाते आणि झटके खाऊन उभी राहते. मग पुन्हा कार्बोरेटर खोलायचा. हा खेळ महिनोन्‌महिने चालतो, कारण कचरा येतोय कुठून हे कोणी बघितलेलंच नसतं. बेळगाव-निपाणी भागातले जुने मिस्त्री अशा वेळी म्हणतात, ‘‘टाकी आधी बघा की ओ, इंजिन कुठं पळून जातंय?’’ या पुस्तकाला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पेट्रोल जिथून निघतं तिथून कामाला लागावं. झाकण, टाकी, कॉक, नळ्या, गाळणी, पंप असं क्रमानं पुढं यावं आणि कार्बोरेटरला हात शेवटी लावावा.

हे मराठीत आणि तेही या सीमाभागातून लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. कागल सोडलं की कोगनोळी, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, काकती आणि बेळगाव असा जुना पी. बी. रोड. पुणे-बेंगळूरच्या या वाटेवर दुरुस्तीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, पण गॅरेजला त्यानं काही फरक पडला नाही. एकाच दारात एमएच-०९, केए-२३ आणि केए-२२ अशा तिन्ही पाट्यांच्या गाड्या उभ्या असतात आणि मिस्त्री मराठी-कानडी दोन्ही बोलतो. तंबाखूच्या पेठेमुळं निपाणीत मालाची ये-जा मोठी, बेळगावात लष्कराची छावणी, खानापूरकडं जंगलातले कच्चे रस्ते. त्यामुळं जीप इथं लवकर रुळली. म्हैसुरात १९६१ पासून जावा आणि पुढं येझदी बनू लागल्या, १९९६ पर्यंत बनत राहिल्या. त्या आजही या पट्ट्यातल्या वाड्यांच्या पडव्यांत, गोठ्यांच्या आडोशाला सापडतात. त्यांच्या जोडीला बुलेट, चेतक, पद्मिनी, ॲम्बॅसॅडर आहेतच.

यंत्राला स्वतः हात घालायची सवय इथं मोटारींच्याही आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर या वाटेनं त्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९१० मध्ये तो औंध संस्थानच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. बेळगावातली लोखंडाची विद्या मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, लेथ आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने ती आजही चालवतात. जुन्या कॉकचा आटा नवा पाडून देणारा, बाजारात न मिळणारं नट नमुन्यावरून करून देणारा माणूस इथं शोधला तर सापडतो. पण या माणसांच्या हातात जे आहे ते कागदावर आलेलं नाही. जे छापलेलं मिळतं ते बहुतेक इंग्रजीत असतं, परदेशातल्या हवेला आणि तिथल्या दुकानांत मिळणाऱ्या औषधांना धरून.

आणि हवा हाच इथला पहिला मुद्दा आहे. जूनपासून चार महिने बेळगावची हवा ओली असते, खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर विचारायलाच नको. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते आणि झाकणाच्या भोकातून आत आलेल्या हवेतली वाफ वरच्या पत्र्यावर पाणी होऊन बसते. ते पाणी ओघळून तळाशी जातं, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. म्हणून गंज दोन ठिकाणी सापडतो: पेट्रोलच्या पातळीच्या वर आणि अगदी तळाला. कर्नाटकात पेट्रोल स्वस्त म्हणून कोल्हापूर-कागलचे लोक कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर येऊन टाकी फुल करतात. त्यांचा हिशेब पैशाचा असतो, पण टाकीलाही तो मानवतो. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी, म्हणून पाणीही कमी.

मोटारसायकलच्या टाकीला दोन कुशी असतात, मधून चौकटीची नळी जाते. बुलेटसारख्या गाड्यांत कॉक एकाच कुशीला असतो. दुसऱ्या कुशीत साचलेलं पाणी कधीच बाहेर पडत नाही. त्यात गाडी वर्षानुवर्षं साइड स्टँडवर एका अंगाला कललेली असली तर त्या बाजूचा तळ चाळणी झालेला मिळतो आणि दुसऱ्या बाजूचा पत्रा जवळपास नव्यासारखा. जीपचं दुखणं वेगळं. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपची, म्हणजे आपल्याकडच्या सीजे-३बीचीही, सुमारे ४० लिटरची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली पत्र्याच्या खळग्यात बसवलेली असते. त्या खळग्याची पाणी जायची भोकं तांबड्या मातीनं बुजतात आणि टाकी पावसाळाभर चिखलात बसून राहते. धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली घातलेलं फेल्ट किंवा गोणपाट ओल सोडत नाही. अशी टाकी आतून धुऊन काय होणार? ती बाहेरून कुजते. जीपवाल्यानं सीट काढून खळग्यात हात घातल्याशिवाय पुढचं पान उलटू नये.

टाकी उतरवली की आतलं पेट्रोल फेकून द्यायची घाई करू नये. पांढऱ्या परातीवर जुनं धोतराचं कापड ताणून त्यातून ते गाळावं आणि कापडावर काय राहिलं ते उजेडात बघावं. बोटावर घेतली की रंग सोडणारी तांबडी बारीक पूड म्हणजे गंज आत्ता चालू आहे. काळे कडक पापुद्रे म्हणजे जुना गंज, बहुधा आतल्या शिवणीवरून सुटलेला. काकवीसारखा चिकट तपकिरी लगदा म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पेट्रोल. हलका भाग उडून गेला आणि मागं राळ राहिली, तिला व्हार्निशचा उग्र वास येतो. परातीच्या तळाला पेट्रोलखालून घरंगळणारे स्वच्छ थेंब म्हणजे पाणी. आणि सालीसारखे मऊ, रंगीत तुकडे निघाले तर पूर्वी कोणीतरी आत लेप दिलेला आहे आणि तो सुटायला लागला आहे. एवढ्या एका कापडावरून पुढचं निम्मं काम ठरतं. राळ असेल तर आम्ल कामाचं नाही, गंज असेल तर थिनर कामाचं नाही. हे न बघता ‘सगळ्यांना चालणारं’ औषध ओतणाऱ्यांच्या टाक्या पुन्हा उघडाव्या लागतात.

लेपाचं आणखी बोललं पाहिजे, कारण माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथं आहे. टाकी गळतेय असं दिसलं की आत इपॉक्सीचा लेप ओतून मोकळं व्हायचं, ही रीत अलीकडं फार वाढली आहे. गंजलेल्या पत्र्यावर दिलेला लेप पत्र्याला धरत नाही, गंजाला धरतो. गंज सुटला की लेप चादरीसारखा सुटतो, कॉकच्या तोंडाशी येऊन बसतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. मग तो काढायला जहाल रसायनं लागतात आणि तोवर मूळ टाकी दुरुस्तीच्या पलीकडं गेलेली असते. लेपाला जागा आहे, पण ती शेवटची. आधी गंज पूर्ण काढावा, भोकं धातूनंच बुजवावीत, आणि एवढं करूनही पत्रा पातळ वाटला तर इथेनॉल सोसणारा लेप, तोही तेल-राळीचा अंश न उरलेल्या कोरड्या पत्र्यावर द्यावा. चांगली साफ केलेली टाकी लेपाशिवाय वर्षानुवर्षं चालते. तिला भरलेली ठेवावी लागते, एवढंच.

इथेनॉलचा उल्लेख आला. जुन्या गाडीवाल्याच्या पायाखालची जमीन या एका गोष्टीनं बदलली आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. आधी २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ पर्यंत गाठलंही गेलं. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसातून येतं आणि निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, उगार असे कारखाने असलेला आपला पट्टा तर उसाचाच. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९६५च्या जावाचा कॉक बनवणाऱ्यानं त्यात बुचाचं वायसर घातलं होतं ते साध्या पेट्रोलसाठी. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, मग वाळून तडकतं. बुचाच्या फ्लोटवरचं लाखेचं पॉलिश विरघळतं. फायबरग्लासच्या टाक्या मऊ पडतात. टाकीच्या भिंतीवर बसलेली जुनी राळ सुटून गाळणीत येते.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. साधं पेट्रोल पाणी जवळ करत नाही, इथेनॉल ओढून घेतं. थोडं पाणी असेतोवर ते मिसळून जळून जातं, हा फायदाच. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि थर करून तळाशी बसतात. १० टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा थंड हवेत अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे १० लिटरमागे साधारण ५० मिलिलिटर. २० टक्क्यांचं मिश्रण जास्त पाणी सामावतं, पण त्याला पाण्याची ओढही जास्त. पारा उतरला की मर्यादाही उतरते. म्हणून पावसाळाभर उभी राहिलेली गाडी डिसेंबरातल्या गार सकाळी किक मारून चालू होत नाही. कॉकमधून जे खाली येतं ते पेट्रोल नसतंच. तो थर जिथं बसतो तिथला पत्रा झपाट्यानं गंजतो. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरावी किंवा पूर्ण रिकामी करून आत तेल फिरवावं. अर्धवट ठेवू नये.

गंज काढायला या पुस्तकात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, पहिल्या पसंतीला ठेवलं आहे. किराणा दुकानात मिळतं, श्वासाला त्रास देत नाही आणि चांगल्या पत्र्याला फारसं खात नाही. लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, एक रात्र, मधून टाकी कूस बदलून ठेवायची. त्याआधी सोड्याच्या गरम पाण्यानं तेल आणि राळ धुऊन काढणं आवश्यक, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. जाड पापुद्रे असतील तर आत बारीक स्वच्छ खडी किंवा साखळी घालून हलवावी आणि किती घातलं ते मोजून घालावं, म्हणजे मोजून काढता येतं. संडास धुवायचं ॲसिड काही जण वापरतात. ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि धुतल्यावर तासाभरात नवा तांबूस थर आणतं. माझ्या मते ते टाकीच्या जवळही आणू नये. आम्ल ओतून टाकल्यावर खायच्या सोड्याचं पाणी फिरवावं, स्वच्छ पाण्यानं धुवावं आणि लगेच गरम हवेनं वाळवावं. हा ‘लगेच’ फार महत्त्वाचा. चहाला जाऊन आलात तर पत्रा परत तांबडा झालेला दिसेल. वाळली की थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवून ठेवावं.

आता जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती असं वाचकाला वाटेल, ती. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ती साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीला भडकते आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत नेमकं तेवढंच प्रमाण असू शकतं. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारालाही पेटण्याजोगी वाफ सोडतं, त्यामुळं थंडी आहे म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि पिटमध्ये साठते. पलीकडच्या खोलीतल्या देवाजवळच्या निरांजनापर्यंत ती जाऊ शकते. टाकीला गॅस वेल्डिंग करायचं तर आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावी, मग वेल्डिंगच्या जागेखाली बोटभर सोडून पाण्यानं भरावी, सगळी तोंडं उघडी ठेवावीत. सायलेन्सरचा धूर आत सोडून वेल्डिंग करायची जुनी पद्धत काही मिस्त्री अजून वापरतात. आत हवा किती उरली हे तिच्यात कळत नाही, म्हणून मी ती सुचवत नाही. बारीक भोकाला तर आगीची गरजच नसते. साफ घासून, फ्लक्स लावून, जड तापवलेल्या इस्त्रीनं, म्हणजे सोल्डरिंग आयर्ननं, डाग देता येतो. तोही धुतलेल्या टाकीलाच. आणि या कामाच्या आसपास पेटती विडी कोणाच्याच हातात नको, बघायला आलेल्या शेजाऱ्याच्याही नाही.

गळती शोधायला खडू आणि रॉकेल यांच्यासारखं साधन नाही. शिवणीवर बाहेरून ओला चुना किंवा खडू फासून वाळू द्यावा, आत थोडं रॉकेल, नसेल तर डिझेल घालून टाकी त्या अंगावर ठेवावी. डोळ्याला न दिसणाऱ्या भोकातूनही तेल झिरपतं आणि पांढऱ्यावर डाग उमटतो. हवा भरून बघायचीच असेल तर तोंडानं फुंकली तेवढीच पुरे. कॉम्प्रेसर लावून फुगवलेल्या आणि कायमच्या वाकड्या झालेल्या टाक्या गॅरेजमागच्या भंगारात पडलेल्या असतात.

झाकणाबद्दल या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते जास्त वाटलं तरी वाचावं. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि धार थांबते. गाडी ठरावीक अंतर नीट जाते, मग बंद. झाकण उघडलं की ‘सुस्स’ आवाज येतो आणि गाडी पुन्हा सुरू. हे लक्षण माहीत नसल्यामुळं किती चांगले कार्बोरेटर उगाच खोलले गेले असतील!

नळ्यांकडं तर कोणी बघतच नाही. जुन्या जीप-मोटारींत टाकीपासून पंपापर्यंत चॅसिसला धरून धातूची नळी जाते. क्लिपांखाली चिखल धरून ती बाहेरून कुजते. तांब्याची नळी गंजत नाही, पण हादऱ्यांनी कडक होऊन टोकाशी तडकते. म्हणूनच जुने मिस्त्री इंजिनाजवळ तिला एक-दोन वेटोळी देत, हादरा तिथं जिरतो. नवी नळी टाकताना टोक दुहेरी फुलवून घ्यावं. हायड्रॉलिक्सच्या कामामुळं बेळगावात असं टोक फुलवून देणारे हात मिळतात, त्यांच्याकडं जुनी नळी नमुन्याला न्यावी. रबरी नळीला बाहेरून चिरा नसल्या म्हणजे ती चांगली असं नव्हे. आतला थर सुटला की तो झडपेसारखा वागतो: पेट्रोल थोडं सोडतो, ओढ वाढली की वाट बंद करतो. तवंदीचा घाट चढताना दम टाकणाऱ्या गाडीत हे बघावं आणि जोडीला नळी एक्झॉस्टच्या किती जवळून जाते तेही बघावं. नळीत पेट्रोल उकळून वाफ धरली की पंप ओढतो, पण वर काही येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी पुढं नेण्याची युक्ती ठीक आहे, पण ती घरी पोचण्यापुरतीच. दुकानात मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दिसायला छान, पण आठ-दहा महिन्यांत कडक होऊन टोकाशी फाटते आणि खाली तापलेलं इंजिन असतं. आजच्या पेट्रोलला एसएई जे ३० आर ९ दर्जाची किंवा व्हायटॉनचा आतला थर असलेली नळीच घ्यावी. थोडी महाग पडते.

डिझेल जीपवाल्यांसाठी मजकूर थोडा आहे. त्यांची टाकी कमी गंजते, पण पाणी आणि गाळ तिथंही साचतो आणि सांधा जरा सैल झाला की नळी एअर घेते. तांब्याची वायसरं प्रत्येक वेळी नवी घालावीत आणि एअर काढायचा क्रम चुकवू नये, बाकी गाडी सोशिक असते.

मूळ टाकी वाचवण्यावर इतका भर कशाला, नवी नक्कल मिळते की, असं तरुण वाचक विचारतील. नकलेचा पत्रा बहुतेक वेळा पातळ असतो, शिवणी ओबडधोबड असतात आणि झाकण, कॉक नीट बसत नाहीत. शिवाय केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. गाडी मूळ रूपात जपलेली असावी ही तिची अट आहे. १९६०-७०च्या दशकातल्या किती तरी जावा आणि जिपा आज त्या वयात आल्या आहेत. ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांनी टाकी भंगारात घालण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

इंजेक्शनच्या गाड्या, म्हणजे २०२० नंतरच्या बीएस-६ दुचाकी आणि टाकीतच विजेचा पंप असलेल्या मोटारी, या पुस्तकात घेतलेल्या नाहीत. त्यांचा दाब वेगळा, नळ्या वेगळ्या, हत्यारं वेगळी. कार्बोरेटरच्या गाडीचा अनुभव तिथं अपुरा पडतो. पहिलं प्रकरण टाकी उतरवण्याचं आहे. ते सुरू करण्याआधी गाडी उघड्यावर आणावी, बॅटरीची ऋण वायर सोडावी, वाळूची बादली आणि पेट्रोलच्या आगीला चालणारा अग्निशामक हाताशी ठेवावा, आणि काढलेलं जुनं पेट्रोल गटारात न ओतता धातूच्या झाकणबंद डब्यात भरून बाजूला ठेवावं.